पुढचं पातं

अमेरिकेत धनुष्य घेऊन हरणाच्या मागं जाणाऱ्या शिकाऱ्यांचं एक कायमचं रडगाणं आहे. सरावाचा साध्या टोकाचा बाण सांगाल तिथं जाऊन रुततो. त्याच बाणाला शिकारीचं रुंद, पक्कं पातं चढवलं की स्वारी चार बोटं डावीकडं. मग पातं बदला, कंपनी बदला, वाऱ्याला शिव्या घाला.

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकात चहा पिताना या दुःखात सहभागी होणं जरा अवघड जातं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं इथं हरणाकडं नुसतं बघायचं, मोराला तर शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचं अख्खं अभयारण्य. रानडुकरं रात्रभर ज्वारीत नाचून गेली तरी शेतकऱ्याच्या हातात डबा आणि काठी.

तरीही माझ्या भाच्याला पात्याचं वेड लागलंच. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीत जगज्जेते झाले. ती 17 वर्षांची. त्यानं अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण घेतले. तेव्हापासून आमच्याकडं बाण सुटू लागले. पुढं भाच्यानं बीडच्या एका लेथवाल्याकडून पातं करून आणलं. वजन साध्या टोकाइतकंच, 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम. आणि विचारता झाला, “मामा, वजन तेच, मग बाण का बिघडतो?”

बाणाच्या शेपटाला पिसं असतात. ती वारा धरतात आणि शेपूट मागं ठेवतात. रुंद पातं लावलं की पुढंही पिसं लावल्यासारखंच झालं. बाण केसभर तिरका सुटला तर पुढचं पातं वारा धरून तो तिरकेपणा वाढवत नेतं. हे समजायला उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर हॉटेलच्या आवारात मागं घेताना पाहावा. पुढं चालताना ट्रॉली गरीब गाईसारखी येते. रिव्हर्स टाकला की स्टिअरिंग बोटभर चुकायचा अवकाश, तिचं तोंड पार उकिरड्याकडं. त्यात चौघे “येऊ दे, येऊ दे” म्हणत असतात, ते वेगळंच.

म्हणजे दोष पात्याचा नव्हेच. साधं टोक पोटात घालतं ते पातं चारचौघांत बोलून दाखवतं. मला तरी असला बाण बरा वाटतो. असली माणसं मात्र पंगतीत शेजारी नकोत.

इलाज चिकाटीचा आहे. बाण टोकावर उभा करून गरगर फिरवायचा. डगमगला तर पातं सरळ बसलेलं नाही. बाणाच्या काडीचा ताठपणा धनुष्याच्या ओढीला जुळला पाहिजे. मागची पिसं मोठी आणि जराशी पिळून लावलेली हवीत. धनुष्याची मूठ आवळायची नाही, आवळली की ती मनगटाबरोबर वळते. मग साधा आणि पात्याचा असे बाण आलटूनपालटून मारायचे. पात्याचा डावीकडं गेला तर ज्यावर बाण टेकतो तो टेका किंचित उजवीकडं. दोन्ही एका जागी पडेपर्यंत हेच. महाभारतात क्षुरप्र आणि अर्धचंद्र अशा रुंद पात्यांच्या बाणांनी मुंडकी उडतात, रथाचे ध्वज कोसळतात; पण टेका सरकवत बसलेला एकही महारथी मला आठवत नाही.

मांजरसुंब्यावरून जाणारा सोलापूर–धुळे रस्ता उत्तरेला धरला तर धुळ्याच्या पुढं भिल्लांचा तीरकामठ्याचा मुलुख लागतो. बांबूचा कामठा, बांबूच्याच कामटीची दोरी, लोखंडी पातं. तिथली जुनी रीत म्हणजे दबकत जनावराच्या जवळ जायचं. अंतर कमी असलं की पात्याला बिघडायला वेळच मिळत नाही. हा उपाय मला सगळ्यांत शहाणा वाटतो, पण भाच्याला 50 मीटरच हवेत.

आता त्याचे दोन्ही बाण एका जागी पडतात. फक्त ती जागा म्हणजे चिंध्या ठासून भरलेलं घरचं पोतं, आणि पात्यानं त्याची चाळण झाली. माझी बहीण म्हणाली, “दादा, नेम तुम्ही शिकवलात, आता पोतंही तुम्हीच शिवून द्या.”