जांभळ्या घराण्याचा कुलवृत्तान्त

ज्यांच्या घरात कुलवृत्तान्ताचा जाडजूड ग्रंथ आहे त्यांना माहीत असेल, तो कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, मग ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्या चुलत शाखेचं, आणि मग निवांतपणे शेरे वाचत बसतो. ‘दत्तक गेले.’ ‘वेगळे राहिले.’ ‘परागंदा, पुढील माहिती उपलब्ध नाही.’ एवढ्या तीन शेऱ्यांत केवढी भांडणं, केवढं दरवाजे आपटणं मिटवून टाकलेलं असतं!

जुना हार्ड रॉक ऐकणाऱ्यांची जात अशीच शेरे वाचणारी आहे. सरळमार्गी माणूस गाणं ऐकतो, मान डोलावतो, कामाला लागतो. हा रसिक मात्र पहिल्या मिनिटालाच विचारतो, ‘बेसवर कोण?’ त्याला गाण्यापेक्षा गाणाऱ्यांची सोयरीक जास्त महत्त्वाची. पीट फ्रेम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी तर अशा बँडच्या वंशावळी स्वहस्ते, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत काढून त्यांची पुस्तकं केली. १९९५ साली बीबीसीने त्यावर मालिकाही केली. त्यात डीप पर्पलचं घराणं होतं, आणि असायलाच हवं होतं. कारण इतकं गुंतागुंतीचं खटलं दुसरीकडे शोधून मिळणार नाही.

या घराण्याच्या पिढ्यांना क्रमांक आहेत. कोण कधी आला-गेला त्याप्रमाणे मार्क १, मार्क २, मार्क ३. सध्या मार्क ९ चालू आहे. ‘मार्क दोन’ म्हणताना भक्ताचा आवाज खाली येतो, ‘मार्क पाच’ म्हणताना भुवई वर जाते. माझा एक मित्र घरचे वाढदिवस विसरतो, पण मार्क तीनमध्ये कोण कुठलं वाद्य वाजवत होतं हे झोपेतही सांगेल.

मूळपुरुषाचीच कथा चमत्कारिक आहे. १९६७ साली लंडनमध्ये ‘सर्चर्स’ या बँडचा माजी ड्रमर ख्रिस कर्टिस याच्या डोक्यात एक कल्पना आली. बँड असा असावा की वादकांनी जत्रेतल्या चक्रपाळण्यासारखं त्यात चढावं, उतरावं, आणि पाळणा फिरत राहावा. नावही तेच ठेवलं, ‘राउंडअबाउट’. मग काही काम सुरू होण्याआधीच पहिला उतरला तो स्वतः कर्टिस! मागे राहिलेल्यांनी १९६८ मध्ये हार्टफर्डशर भागात तालमी सुरू केल्या आणि नाव बदललं. गिटारवाला रिची ब्लॅकमोर याच्या आजीला ‘डीप पर्पल’ नावाचं जुनं गाणं फार आवडायचं, ते नाव घेतलं. पुढे ज्यांच्या आवाजाने लोक बेशुद्ध पडले, त्या बँडचं बारसं एका आजीच्या आवडीवरून झालेलं आहे. नाव टाकलं खरं, पण कर्टिसची मूळ योजना मात्र त्यांनी इतक्या निष्ठेने पाळली की विचारू नका.

पहिल्या पिढीत गायक रॉड इव्हान्स, बेसवर निक सिम्पर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, गिटारवर ब्लॅकमोर आणि ड्रम्सवर इयन पेस. ‘हश’ हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, तीन अल्बम निघाले, आणि १९६९ मध्ये इव्हान्स व सिम्पर यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी ‘एपिसोड सिक्स’ या बँडमधून गायक इयन गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर आले. हे मार्क दोन, घराण्याचं सुवर्णयुग.

सुवर्णयुगाचा आरंभही पाहा. नवा गायक येऊन जेमतेम काही महिने झालेले, तोवर जॉन लॉर्ड यांनी बँड आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी एक कॉन्चेर्टो रचला. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, रॉयल फिलहार्मोनिकबरोबर, माल्कम आर्नल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली तो सादरही झाला. ब्लॅकमोरला हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. आता पुढचा अल्बम नुसता दणदणीत हवा, असा त्याचा आग्रह. म्हणून १९७० साली ‘डीप पर्पल इन रॉक’ आला. मुखपृष्ठावर अमेरिकेच्या माउंट रशमोरवरच्या राष्ट्राध्यक्षांची तोंडं काढून तिथे या पाच लांबकेशांची बसवली होती. नम्रता हा या घराण्याचा गुण कधीच नव्हता.

याच अल्बमवर ‘चाइल्ड इन टाइम’ आहे, गिलनची किंकाळी शिडीवर चढत चढत गच्चीच्याही वर जाते ते. त्याची मूळ सुरावट ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या एका रचनेवरून उचललेली आहे. गिलनने ते पुढे मोकळेपणाने सांगितलंही. त्या रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’! हे कळलं त्या दिवशी मला विनाकारण अभिमान वाटला होता. त्यात मुंबईचं काय आहे म्हणाल तर नाव सोडून काही नाही. ज्यांची सुरावट गेली त्यांनी कोर्टकचेरी केली नाही. त्यांनी पर्पलच्या ‘रिंग दॅट नेक’वरून आपलं एक गाणं बेतलं आणि हिशेब मिटवला.

आता माँट्रोची गोष्ट. ती सगळ्यांना अर्धी माहीत असते, कारण गाण्यातच सांगितलेली आहे. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिल्या आठवड्यात जी चार सुरांची धून वाजवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना छळलेलं असतं, तेच ते ‘स्मोक ऑन द वॉटर’. डिसेंबर १९७१ मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराकाठी माँट्रो गावी अल्बम करायला गेली. तिथल्या कसिनोत ध्वनिमुद्रण करायचं होतं आणि त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने आणला होता. त्याआधी तिथे फ्रँक झापाचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कसिनो जळून खाक झाला. तिथल्या संगीत महोत्सवाचे संचालक क्लोद नोब्स यांनी धावपळ करून लोकांना बाहेर काढलं. जीवितहानी झाली नाही. पर्पलवाले सरोवरावर पसरणारा धूर बघत बसले. जागा गेली, फिरत्या स्टुडिओचा ट्रक तेवढा उरला.

मग ‘पव्हिलियन’ नावाच्या दुसऱ्या सभागृहात गेले. रात्री त्या चार सुरांचा दणका सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलीस दार ठोठावताहेत, बँडचे मदतनीस आतून दार दाबून धरताहेत, आणि आत गाण्याचा टेक पुरा होतोय, असा प्रकार. जगातल्या अत्यंत प्रसिद्ध धुनेचं पहिलं श्रोतृमंडळ म्हणजे झोपमोड झालेले स्विस नागरिक, आणि त्यांचा अभिप्राय प्रतिकूल होता.

शेवटी थंडीसाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. तिथे त्यांनी आवाज घुमू नये म्हणून बोळांमध्ये गाद्या उभ्या केल्या. बाहेरच्या ट्रकपर्यंत जाऊन आपण काय वाजवलं ते ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या, गाद्या असं सगळं ओलांडावं लागे. याचा त्यांना इतका कंटाळा आला की शेवटी ऐकायला जाणंच सोडून दिलं. वाजवलं, चांगलं वाटलं, पुढे चला! आणि त्या आळसातून ‘मशीन हेड’ निघाला. एकेका तबल्याच्या ठोक्यासाठी महिनाभर स्टुडिओ अडवणाऱ्या आजच्या मंडळींना ही गोष्ट सांगू नये, वाईट वाटतं त्यांना.

त्यातही, ‘स्मोक ऑन द वॉटर’ चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. शीर्षक ग्लोव्हरच्या ओठांवर म्हणे झोपेतून उठताना आलं, आणि गिलनला ते गांजा-अफूचं गाणं वाटलं. ‘नेव्हर बिफोर’ हे गाणं गाजणार या खात्रीने त्याची तबकडी आधी काढली. ती आज कुणाला आठवत नाही. ‘स्मोक’ची तबकडी अमेरिकेत १९७३ मध्ये, म्हणजे अल्बमनंतर वर्षाने निघाली आणि चौथ्या क्रमांकावर गेली.

‘मेड इन जपान’चंही तेच. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो इथल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण. जपानी कंपनीला हवं होतं म्हणून त्यांनी होकार दिला, तिथल्यापुरतंच राहील या समजुतीने. नंतर मिक्सिंगला पाचांपैकी दोघंच आले, ग्लोव्हर आणि पेस. आज रॉकच्या सर्वोत्तम लाइव्ह अल्बमांची यादी कुणीही करो, हा त्यात असतो. त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ११७ डेसिबलची नोंद होऊन गिनीजच्या पुस्तकात सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नाव लागलं. तीन श्रोते बेशुद्ध पडले होते. आजीला कुणी कळवलं की नाही, ठाऊक नाही.

सुवर्णयुगं जशी संपतात तसं हेही संपलं. गिलन आणि ब्लॅकमोर यांचं पटेना. जून १९७३ मध्ये गिलन गेला, ग्लोव्हरला घालवलं. गायकाच्या जागी कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल आला, बेसवर ग्लेन ह्यूज. ‘बर्न’ निघाला. एप्रिल १९७४ मध्ये ‘कॅलिफोर्निया जॅम’मध्ये ब्लॅकमोरने टीव्हीच्या चालू कॅमेऱ्यात गिटार खुपसली. पुढच्या वर्षी तोही ‘रेनबो’ नावाचं वेगळं घर करून राहिला. त्याच्या जागी टॉमी बोलिन दत्तक आला. एक अल्बम झाला आणि मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर कव्हरडेलने डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला. तर लॉर्ड आणि पेस यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, सोडायला आता बँडच शिल्लक नाही. त्याच डिसेंबरात बोलिन गेला. वय अवघं पंचवीस.

यानंतर ‘परागंदा’ हा शेरा. १९८० साली अमेरिकेत अचानक डीप पर्पल नावाने कार्यक्रम सुरू झाले. लोक तिकीट काढून गेले, तर मंचावर ओळखीचा चेहरा एकच, पहिल्या पिढीतला रॉड इव्हान्स, तोही बहुतेकांच्या ओळखीचा नाही. बाकीचे चार कुणीतरी. नाव वापरल्याबद्दल खटला झाला, ६,७२,००० डॉलरचा हुकूमनामा निघाला, इव्हान्सच्या मानधनाचे हक्कही गेले. तेव्हापासून तो सार्वजनिक जीवनातून असा नाहीसा झाला की २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घराण्याचा सत्कार झाला तेव्हाही फिरकला नाही. ब्लॅकमोरही गेला नाही. निक सिम्परला तर यादीतच घेतलं नव्हतं. मूळच्या पाचांपैकी एक, आणि कुलवृत्तान्तात नाव नाही! हा अन्याय मला आजही खुपतो.

‘रेनबो’कडे परत येतो, कारण भावकीची खरी गंमत तिथे आहे. ज्या ग्लोव्हरला पर्पलमधून काढलं, त्यालाच ब्लॅकमोरने १९७९ मध्ये ‘रेनबो’त बेसवर घेतलं. तिथेच ऑर्गनवर डॉन एअरी होता, तिथेच पुढे गायक जो लिन टर्नर आला. १९८४ मध्ये मार्क दोन पुन्हा एकत्र आलं. ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ काढला. एकमेकांना पुरते ओळखून असलेल्या पाच जणांनी अल्बमचं नाव ‘पूर्ण अनोळखी’ ठेवावं! १९८९ मध्ये गिलनला पुन्हा घालवलं, टर्नर आला. १९९२ मध्ये टर्नर गेला, गिलन आला. १९९३ च्या दौऱ्यात ब्लॅकमोर मध्येच कायमचा निघून गेला. पुढे तो पत्नीसह मध्ययुगीन वेशभूषेत शांत, सुरेल गाणी वाजवू लागला. आजीला हे नक्की आवडलं असतं.

या सगळ्या जाण्यायेण्यात मी बराच काळ एका माणसाकडे पाहिलंच नाही, कारण तो कुठे गेला नाही. इयन पेस. चष्मा लावून मागे बसलेले, डावखुरे. नऊच्या नऊ मार्कांत आहेत. १९६८ ते २०२४ एवढ्या काळातल्या तेवीसच्या तेवीस स्टुडिओ अल्बमांत ड्रम्स त्यांचेच. त्यांच्या भांडणाचा किस्सा कुणी सांगत नाही. मध्ये आठ वर्षं घरच बंद होतं तेव्हा इतरत्र वाजवत होते, घर उघडलं की येऊन बसले. जॉन लॉर्ड आणि ते एकमेकांचे साडू, दोघांच्या बायका जुळ्या बहिणी. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त झाले, त्यांच्या जागी ‘रेनबो’वाले एअरी आले. पेस तिथेच. २०१६ च्या जूनमध्ये त्यांना मेंदूचा सौम्य झटका आला आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले. १९६८ पासून त्यांचा कार्यक्रम चुकण्याची ती पहिली वेळ. थोड्याच दिवसांत परत येऊन बसले.

त्या १९६९ च्या कॉन्चेर्टोची मूळ स्वरलिपी १९७० नंतर हरवली. जॉन लॉर्ड यांना ती परत लिहिणं जमेना. मग मार्को द खुई नावाच्या डच संगीतकाराने जुनी रेकॉर्ड ऐकून, चित्रफीत बघून, एकेक वाद्य वेचून ती पुन्हा उभी केली. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, यावेळी लंडन सिंफनीबरोबर, ती पुन्हा वाजली. गिटारवर तेव्हा स्टीव्ह मॉर्स. ड्रम्सवर कोण, हे आता सांगायला नको.

आमच्यात सध्या वाद मात्र वेगळाच आहे. ब्लॅकमोर निघून गेला तेव्हा जपानचा दौरा ठरलेला होता, म्हणून जो सॅट्रिआनी बदलीवर आला आणि १९९४ च्या मध्यापर्यंत वाजवून गेला. एकही स्टुडिओ अल्बम नाही. तरी त्याला मार्क सहा म्हणतात. माझ्या मते हे बरोबर नाही. पाहुणा आला, जेवला, गेला, त्याला वंशावळीत कसलं घ्यायचं? मित्र म्हणतो, पाहुणा कसला, त्याने अडलेलं कार्य पार पाडलं. मी म्हणतो, मग आधी सिम्परला घ्या. यावर त्याच्याकडे उत्तर नाही, म्हणून तो ‘मेड इन जपान’ लावतो आणि आवाज वाढवतो.