जादा पाटा

जुनी पिकअप विकायला काढली, की मालकाकडे कारणं तयार असतात. घरात नवीन गाडी आली. ड्रायव्हर टिकत नाही. भावाभावांची वाटणी झाली. पोरगं पुण्याला कंपनीत लागलं, आता चालवणार कोण? ‘गाडी त्रास देते म्हणून विकतोय’ असं सांगणारा मालक अजून जन्माला यायचाय. पुतण्यासाठी गाडी बघत नारायणगाव, आळेफाटा, ओतूर असं हिंडताना ही सगळी कारणं ऐकून झाली आणि मला एकच कोडं पडलं: तालुक्यातल्या झाडून सगळ्या गाड्या जर इतक्या ठणठणीत आहेत, तर हायवेच्या कडेला एवढी गॅरेजं कशी काय पोट भरतात?

पुतण्या टोमॅटो लावतो. माल नारायणगावच्या मार्केटला न्यायचा, कधी भाव बरा असला तर माळशेज उतरून कल्याणला. आजवर दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यायचा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांच्या दारात नव्या पिकअप उभ्या राहिल्या. नंतर भाव उतरला. हप्ते मात्र उतरले नाहीत. त्यातल्या काही गाड्या आता बाजारात आहेत. पुतण्याचं म्हणणं, हीच वेळ आहे. मला सोबत नेण्याचं कारण मला गाडीतलं कळतं हे नव्हे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मला कागदातलं कळतं, असा घरात समज आहे. गाडीतलं कळणारे आमचे मिस्त्री. ते वेगळे, मागून मोटारसायकलवर येत.

मिस्त्री गाडी बघतात ती खालून. पुतण्या आणि मी रंग, काचा, टेप, सीटकव्हर बघत असताना हा माणूस पोत्याचा तुकडा अंथरून मागच्या चाकापाशी आडवा झालेला असतो. मालक वरून सांगतोय, ‘एकहाती गाडी आहे, आमच्याशिवाय कुणी स्टेअरिंगला हात लावलेला नाही,’ आणि खालून आवाज येतो, ‘पाटा कधी टाकला?’

हा पाटा काय, ते मला तिथेच समजलं. पिकअपच्या मागच्या बाजूला वजन झेलायला लोखंडी पट्ट्यांची चळत असते, एकावर एक, खालच्या लहान होत गेलेल्या. हे कमानपाटे. कंपनी ठरावीक पाटे देते, कारण तिने वजन ठरवलेलं असतं. दीड टनाची गाडी धरा. वीस किलोचा एक क्रेट आणि वर रिकाम्या क्रेटचं वजन, म्हणजे हिशेबाने सत्तरीच्या आसपास क्रेट बसायला हवेत. पण आमच्याकडे शंभराच्या खाली क्रेट घेऊन निघालेल्याला लोक वाटेत थांबवून विचारतात, ‘का हो, आज माल कमी?’ मग गाडी मागून बसायला लागते. त्यावर उपाय म्हणजे जादा पाटा. तो टाकला, की गाडी पुन्हा ताठ उभी. मिस्त्रींचं म्हणणं असं, की पाट्याने गाडीची ताकद वाढत नाही, तक्रार करणारा तेवढा गप्प होतो. वजन तेवढंच राहतं. फक्त ते आता पाट्याऐवजी ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासीच्या माथी बसतं. चळतीतली एक पट्टी बाकीच्यांपेक्षा कमी गंजलेली दिसली, की समजायचं, या गाडीने काय काय सोसलं ते मालक सांगणार नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीचे पाटे मोजायला लागलो. माणसाला एक गोष्ट कळली, की तो तीच सगळीकडे शोधत बसतो.

गाडीने आधी कोणता धंदा केला, हे मीटरपेक्षा महत्त्वाचं. आरसीवर फक्त ‘मालवाहू’ लिहिलेलं असतं आणि माल कोणता, ते कुणी लिहीत नाही. दुधाची गाडी मिळाली तर डोळे झाकून घ्यावी, असं मिस्त्री म्हणतात. मला वाटतं, एक डोळा उघडा ठेवावा, पण तत्त्व खरं आहे. दूध थांबत नाही. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला गाडी निघालीच पाहिजे, म्हणून मालक ऑइल वेळेवर बदलतो, बॅटरीकडे बघतो, बारीकसा आवाज आला तरी गॅरेजला नेतो. याउलट मासळीची गाडी. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरीचं पासिंग, गाडी दिसायला देखणी, हौद्याला नवा पत्रा, खालून काळाकुळकुळीत रंग मारलेला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या काळ्या रंगाला नुसतं टोचलं तर पापुद्रा निघाला आणि त्याच्यामागे चासीचाही एक थर आला. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी फटींतून झिरपतं आणि वर्षानुवर्षं चासीवर ठिबकत राहतं. नव्या काळ्या रंगाची किंमत त्या मालकाने आम्हाला वेगळी सांगितली होती.

सगळ्यात फसवी गाडी मात्र डीजेची. ही आमच्या महाराष्ट्राची खास निर्मिती. मीटर बघाल तर हरखून जाल; गाडी पाच वर्षांची आणि चाललेली जेमतेम. कारण ती चालतच नाही, ती सरकते. लग्नसराईत, गणपतीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत, हौद्यात भिंतीएवढे स्पीकर आणि जनरेटर लादून, पुढे नाचणाऱ्यांच्या टाचेला बंपर लागू नये म्हणून रात्ररात्र पहिल्या गेअरात, अर्धा क्लच दाबून. एका रात्रीत दीड किलोमीटर. मीटरला ते दीडच दिसतात, क्लचप्लेटला विचाराल तर ती वेगळाच आकडा सांगेल. हौद्याच्या फळ्यांवर नटबोल्टची निरर्थक भोकं आणि केबिनमागे जाड वायरी कापल्याच्या खुणा दिसल्या, की मिस्त्री आत बसतही नाहीत. एका मालकाने मात्र सरळ सांगितलं, ‘डीजेचीच आहे. पण साउंड भारी होता.’ ही गाडी घ्यावी असं मला क्षणभर वाटून गेलं. निदान एक खरं बोलणारा भेटला.

मीटरवर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. काटा मागे फिरवून देणारे कारागीर पूर्वी होते, डिजिटल आल्यावर त्यांची पुढची पिढी लॅपटॉप घेऊन आली. म्हणून मिस्त्री पायाखाली बघतात. मीटर पासष्ट हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून लोखंड चकाकतंय, असं कसं? आणि रबर कोरं करकरीत असेल तर शंका दुप्पट, कारण जुन्या गाडीला पेडलचं नवं रबर कोण हौसेने टाकतं? टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘मागच्याच महिन्यात नवीन टाकले’ म्हणणाऱ्या मालकाला हे आकडे मोठ्याने वाचून दाखवण्यात जो आनंद आहे, तो बँकेत इतकी वर्षं व्हाउचर तपासूनही मला मिळाला नव्हता.

मागच्या फळीवरही वाचण्यासारखं असतं. ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, पण बाकी साहित्य शाबूत आहे. एका गाडीवर ‘आईचा आशीर्वाद’ झळकत होतं, त्याखाली तिरक्या उन्हात ‘दादांची कृपा’ फिकट उमटलेलं दिसत होतं आणि त्याच्याही खाली कुठल्याशा बाळाचं नाव. मालक एकहाती म्हणत होता. कृपा करणारे तीन दिसत होते.

इंजिन बघायची वेळ आली, की मिस्त्री आधी बॉनेटवर तळहात ठेवतात. गरम लागलं तर मालकाकडे नुसतं बघतात. गाडी आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवलेली असते. गार असताना सेल्फ मारला तर ती कशी खोकते, ते आम्हाला कळू नये म्हणून. मग तिथेच चहा घेत, ती पार गार होईपर्यंत बसायचं. या अवधीत मालक आपोआप खरं बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे. नंतर इंजिन सुरू ठेवून मिस्त्री ऑइलचं झाकण काढतात आणि भोकावर तळहात धरतात. फुसफुस वाफ हाताला ढकलत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. हात काढला, की तळव्यावर ऑइलचे बारीक थेंब. झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखं पांढुरकं काही साचलेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय, हेडगास्केट बघावं लागेल. धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. ‘धूर थोडा आहे, पण ॲव्हरेज चांगलं देते,’ असं मालक सांगतो. ऑइलचं ॲव्हरेज तो सांगत नाही.

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची कुंडली ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो गाडी घरीच ठेवतो आणि बाजारात उरतो तो गाळ. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये अकेरलॉफला नोबेल मिळालं. हे मी आळेफाट्याच्या एका टपरीवर मिस्त्रींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणून तर बाजारातली गाडी घ्यायची नाही, साहेब. दारातली घ्यायची.’ म्हणजे जी विकायला निघालेलीच नाही, ती मागायची.

पुतण्याचा खरा घोळ वेगळाच होता. त्याला न बिघडणारी गाडी हवी होती आणि त्यासाठी तो रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यानंतरची गाडी घ्यावी, वय कमी, इंजिन नवं, असं त्याचं मत. मिस्त्रींचं मत जुनी घ्यावी. नव्या गाडीत धूर अडवायला फिल्टर, त्याच्यावर लक्ष ठेवायला सेन्सर आणि सेन्सर रुसला तर त्याची समजूत काढायला स्कॅनर लागतो. गावातल्या फेऱ्यांत तो फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. ‘माळशेजच्या वळणावर रात्री दोनला दिवा लागला, तर स्कॅनर घेऊन कोण येणार?’ मिस्त्रींनी विचारलं. ‘जुन्या गाडीला मी पाना घेऊन येतो.’

ऐकताना मला जाणवलं, की हे दोघं भरवशाबद्दल बोलतात, पण वेगवेगळ्या. पुतण्याच्या लेखी भरवसा म्हणजे गाडी बंद न पडणं. मिस्त्रींच्या लेखी, बंद पडली तर पहाटे मार्केट उघडायच्या आत पुन्हा सुरू होणं. २००५ साली टाटांची छोटी एस आली, लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणून डोक्यावर घेतलं. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं साधं इंजिन, घाटात ते धापा टाकायचं. पण त्यात काय बिघडलंय ते कानाने कळायचं आणि पार्ट तालुक्याला मिळायचा. बोलेरोची पिकअप आमच्याकडे इतकी पसरली त्याचं कारणही मला हेच वाटतं. ओतूरला क्लचप्लेट मिळते, आळेफाट्याला मिळते, आणि रात्री दुकान बंद असेल तर दुकानदाराचं घर सगळ्यांना माहीत असतं. हौद्यात पिकलेला टोमॅटो भरलेला असताना गाडीच्या वॉरंटीचा उपयोग काय? टोमॅटोला वॉरंटी नसते.

अर्थात जुन्या गाडीचा कर वेगळा भरावा लागतो. आठ वर्षांपर्यंत फिटनेसचं पासिंग दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षाला. म्हणजे वर्षातून एकदा रंग, रिफ्लेक्टर, दिवे आणि आरटीओतली रांग. ते सगळं जमेला धरून मी पुतण्याला मधली वाट सुचवली, बीएस-४, आठच्या आतली. मिस्त्री ‘हूं’ म्हणाले. त्यांच्याकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

गाडी मिळाली ती दारातलीच. ओतूरजवळच्या एका दूधवाल्याची. तो विकत नव्हता, पण मिस्त्रींनी चारदा विचारल्यावर विकायला लागला. कारण विचारलं तर म्हणाला, गुडघे दुखतात. गाडीला दोन्ही बाजूंना ओरखडे, डाव्या दाराला ठोकर, लांबी भरून लपवलेलं कुठेच काही नाही. इंजिन गार होतं, पहिल्या सेल्फला सुरू झालं. कागदांचं काम माझ्याकडे आलं. आरसीवर फायनान्सचा बोजा होता. हप्ते फिटलेले, पण बोजा उतरवलेला नव्हता. हे आमच्याकडे सर्रास असतं, माणसं कर्ज फेडतात आणि कागद विसरतात. एनओसी, फॉर्म ३५, मग २९ आणि ३०, एक जुनं ई-चलान. इसार देताना मी पावतीवर बोज्याची अट लिहून घेतली. इतक्या दिवसांत प्रथमच माझा कुणाला उपयोग झाला.

मिस्त्री पोत्यावरून उठले, हात पुसले आणि म्हणाले, ‘पाटे कंपनीचेच आहेत. एकही जादा नाही.’ मला भरून आलं.

पुतण्या खाली वाकून बराच वेळ बघत होता. मग त्याने विचारलं, ‘मिस्त्री, एक टाकायला किती घ्याल?’