नाईलचा उगम आणि नळाचा

बोरिवलीचा आमचा मेहुणा यंदा बुरुंडीला निघालाय. केनिया-टांझानिया हल्ली सगळेच करतात. तिथे म्हणे जिराफापेक्षा आपल्या सोसायटीतलीच माणसं जास्त दिसतात. बुरुंडीत ती भीती नाही. आदिस अबाबाला विमान बदलायचं, निघण्याआधी किमान 10 दिवस पिवळ्या तापाची लस टोचून घ्यायची, सगळं तोंडपाठ.

"पण तिथे बघायचं काय?" मी विचारलं.

"भाऊजी, रुतोवू! नाईलचा सगळ्यात दक्षिणेकडचा उगम. बारीकशी धार आणि वर टेकडीवर 1938 सालचा छोटासा पिरॅमिड. पाणी मुळात येतं कुठून, हे माणसानं एकदा तरी डोळ्यांनी पाहावं!"

मी भातसानगरचा. मुंबईच्या पाण्याचा जवळपास अर्धा वाटा आमच्या भातसा धरणातून जातो. म्हणजे याच्या नळाचा उगम माझ्या दाराशी. गेली वीस वर्षं बोलावतोय, उत्तर ठरलेलं: "आसनगावपर्यंत लोकल, पुढे मिळेल ती गाडी. फार लांब पडतं हो!"

शेवटी म्हटलं, "मे महिन्यात ये. धरणाच्याच शहापूर तालुक्यात पाड्यांवर टँकर येतो. बायका सकाळपासून हंडे रांगेत मांडून सावलीला बसतात. मोकळा हंडा वाऱ्यानं लवंडू नये म्हणून आत दगड. पर्यटक एकही नाही. लसही लागत नाही."

तो क्षणभर विचारात पडला.

"टँकरचं पाणी? नको भाऊजी, पोटाला बाधतं."