बसने गाठलेला कृष्णगिरी

आमचा भाचा उदरनिर्वाहार्थ स्वित्झर्लंडात वास्तव्य करून आहे, आणि तेथील पर्वतशिखरांची छायाचित्रे तो इतक्या नियमितपणे धाडतो की, एखाद्या आठवड्यात बर्फ आले नाही तर घरातील मंडळी त्याच्या प्रकृतीची चौकशी करू लागतात. गेल्या भाद्रपदात मात्र त्याने शिखराऐवजी एका पिवळ्या बसचे छायाचित्र पाठवले आणि सोबत मजकूर कळवला की, ही बस टपाल खात्याची असून १९०६ सालापासून असल्या गाड्या तेथे धावत आहेत. घाटातील वळणावर ती जो भोंगा वाजवते त्याचे तीन स्वर रोसिनी नामक संगीतकाराच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेतून घेतलेले आहेत. आणि तो भोंगा ऐकू आला की, डोंगरातील टपालरस्त्यावर इतर वाहनांनी निमूटपणे बाजूला व्हावे, असा तिकडे कायदाच आहे. तिकीट काढावे, पायथ्याशी उतरावे, शिखर चढून यावे व शेवटच्या बसने घरी जेवायला यावे, असा त्याचा रविवार.

हा मजकूर मी आमचे शेजारी नानासाहेब यांना वाचून दाखवला, ही माझी चूक. नानासाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असले, तरी महसूल खाते त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, “आपल्याकडे डोंगर नाही का? बस नाही का? मग हरकत कोणाची?” हरकत कोणाचीच नसल्याचे रुजुवातीअंती सिद्ध झाले, आणि मुलुंड ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी अशा गिर्यारोहणाची तजवीज मार्गशीर्षातील एका सोमवारी मुक्रर झाली. सोमवारी उद्यान बंद असते, हे आम्हांला बोरिवलीच्या दारापाशी पोचल्यावर समजले. त्या मोहिमेविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरी मोहीम बुधवारी निघाली. तीत मी, नानासाहेब आणि आमची ही, असे तिघे होतो. नानासाहेबांच्या हाती पितळी मुठीची त्यांच्या तीर्थरूपांची काठी होती. आल्प्सवर चढणारे लोक हाती काठी बाळगतात, असे त्यांनी कोठेसे वाचले होते. हिच्या हाती थालीपिठांचा डबा होता आणि पायांत रोजच्या चपला. माझ्या पायांत मात्र भाच्याने पाठवलेले गिर्यारोहणाचे बूट होते, आणि त्यांनी मुलुंड स्थानकाच्या जिन्यावरच माझ्याशी असहकार पुकारला.

येथे भूगोलाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मुलुंड आणि बोरिवली ही एकाच डोंगराची दोन अंगणे होत. आमच्या गच्चीवरून जी हिरवी पाठ दिसते, तिच्याच पोटाशी बोरिवलीकर सकाळी फिरायला जातात. मध्ये आहे ते शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ज्याला आमच्या पिढीतले लोक अजून ‘नॅशनल पार्क’ एवढेच म्हणतात. त्या अरण्यातील बिबट्या जे अंतर रात्रीच्या भोजनोत्तर शतपावलीत तोडत असेल, ते तोडण्यासाठी करदात्या नागरिकाला मात्र विक्रोळीपर्यंत दक्षिणेस उतरून, जोडरस्त्याने जोगेश्वरीस जाऊन, तेथून पुन्हा उत्तरेकडे वळावे लागते. आता ठाण्याहून बोरिवलीस डोंगराखालून बोगदा खणण्याचे काम चालू आहे. बिबट्यांची त्याला संमती घेतली होती काय, असा प्रश्न नानासाहेबांनी पवईच्या सिग्नलपाशी उपस्थित केला; शेजारच्या सीटवरील गृहस्थांनी तो गांभीर्याने घेतला आणि ते गोरेगावला उतरेपर्यंत त्यावर बोलत राहिले.

उद्यानाच्या दारापासून लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना ती काठी दारात आडवी अडकली. मागे सहलीची पन्नासेक मुले, पुढे एक नवपरिणीत जोडपे, आणि मध्ये काठीनिशी नानासाहेब. “आजोबा, ती उभी धरा,” कंडक्टर म्हणाला, “नाहीतर तिचं अर्धं तिकीट पडेल.” नानासाहेबांनी ‘हे कोणत्या नियमान्वये?’ असे विचारताच तो हसला आणि त्याने त्यांना खिडकीची जागा करून दिली. जाताजाता तो म्हणाला, “परतीची शेवटची गाडी चुकवू नका. नंतर इथं फक्त बिबट्याची सर्व्हिस.”

समुद्रसपाटीपासूनची उंची पाहिली, तर या उद्यानाचा सर्वोच्च माथाही पाचशे मीटरांस पोचत नाही, आणि आल्प्सपुढे ती गोष्ट काढणे म्हणजे हत्तीपुढे शेळीने दुधाचा हिशेब मांडणे होय. परंतु डोंगराची खरी उंची समुद्रापासून नव्हे, शेवटच्या बसपासून मोजावयाची असते, हे तत्त्व मला त्या दिवशी उमगले. कंडक्टरचे ते वाक्य कानी पडल्यापासून प्रत्येक पायरी मी घड्याळाकडे पाहून चढलो, आणि घड्याळाकडे पाहून चढलेली टेकडीदेखील हिमालयाएवढी होते.

कान्हेरी हे ‘कृष्णगिरी’चे झिजलेले रूप; काळ्या पाषाणाचा डोंगर तो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी येथे शंभरावर लेणी कोरविली: चैत्य, विहार, दगडी बाके, आणि पावसाचे पाणी खडकातील पन्हळींनी जिच्यात उतरते अशी पोढी जवळजवळ प्रत्येक दाराशी. पोढ्यांची ही व्यवस्था पाहून नानासाहेब सद्गदित झाले. आमच्या इमारतीच्या टाकीचा तंटा सात वर्षे चालू आहे. लेण्यांवरील लेखांत दात्यांची नावे आणि गावे नमूद आहेत. कोणी सोपाऱ्याचा, कोणी कल्याणचा, कोणी नाशिकचा, कोणी चेमुल म्हणजे चौलचा. कल्याणचा तो व्यापारी येथवर पायी आला असणार, आणि त्याला शेवटची गाडी गाठायची नसल्याने सावकाश गेला असणार.

नानासाहेबांचा जीव खरा जडला तो नव्वदाव्या लेण्यात. तेथील भिंतीवर पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली हा डोंगर पाहावयास आलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावे आणि तारखा तेथे कोरून ठेवल्या. आज एखाद्याने खडूने बदाम काढला, तर पहारेकरी शिट्टी फुंकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हजार वर्षे दम धरला की त्याच खोडीला पुराभिलेख म्हणतात. “तारीख आहे, नावे आहेत,” नानासाहेब पुटपुटले, “दप्तर चोख आहे.” आपल्या आयुष्यभराच्या नोंदींपैकी हजार वर्षे कोणती टिकेल, असा विचार त्यांच्या मनात आला असावा, कारण ते बराच वेळ गप्प होते, आणि नानासाहेब गप्प असणे ही स्वतंत्र नोंद करण्याजोगी घटना आहे.

त्या शांततेचा फायदा एका वानराने घेतला. डबा हिच्या हातून कधी गेला, हे कळलेही नाही. समोरच्या कड्यावर बसून त्याने तो उघडला, वरचे थालीपीठ हुंगले, खाल्ले, आणि लोणी बहुधा कमी पडल्यामुळे आमच्याकडे नापसंतीने पाहिले. नानासाहेबांनी जागेवरच पंचनामा आरंभला: “वेळ दोन वाजून दहा मिनिटे. माल, थालीपिठे नग सहा. आरोपी, शेपूटधारी.” पंच म्हणून सहलीतील दोन मुलांनी सह्या केल्या. तोवर ही चपला फटफटवीत माथ्यावर पोचलीही होती, आणि “अहो, इथून समुद्र दिसतो!” असे वरून ओरडत होती. मी माझ्या स्विस बुटांसह तेथे पोचलो, तेव्हा पश्चिमेला बोरिवलीच्या उंच इमारती आणि त्यांपलीकडे खाडीची चकचकीत रेघ दिसत होती. पूर्वेला नुसते अरण्य. त्याच अरण्यात कोठेतरी विहार आणि तुळशी हे तलाव, ज्यांचे पाणी गेल्या शतकाच्याही आधीपासून मुंबईच्या नळांना येते. मुलुंड त्या बाजूला होते. आमची गच्ची शोधण्याचा मी प्रयत्न केला.

परतीची गाडी आम्ही धावत गाठली; म्हणजे ही चालत आली, मी लंगडत आलो, आणि धावले ते नानासाहेब. बस सुटून दोन वळणे गेली तेव्हा त्यांनी हात पाहिले. काठी नव्हती.

“वरच राहिली,” ते म्हणाले. “नव्वद नंबरात.”

“आता नाही थांबता यायचं, आजोबा, शेवटची गाडी आहे,” कंडक्टर म्हणाला. “उद्या पहिल्या गाडीनं या, मिळेल. वानरं काठी नेत नाहीत.”

मला वाटले होते, तीर्थरूपांच्या काठीपायी आता मोठा प्रसंग ओढवणार. परंतु नानासाहेबांनी खिशातून डायरी काढली, उद्याच्या तारखेखाली दोन ओळी लिहिल्या, आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. घरी आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसलो असता ही म्हणाली की, ती काठी विसरली वगैरे काही नाही; लेण्यातल्या कोपऱ्यात त्यांनी ती नीट उभी करून ठेवताना, आणि निघताना दोनदा मागे वळून पाहताना, तिने स्वतः पाहिले होते.