खड्ड्यात कसं जावं?

अभिनंदन! तुमचा रोबो तयार झाला, वजनकाट्यावर 110 किलोच्या आत बसला, आणि तपासनिसांनी त्याचं हत्यार, बॅटरी, रेडिओ सगळं उलटसुलट पाहून मान डोलावली. आता आखाड्यात उतरायचं तेवढं बाकी आहे. ही मार्गदर्शिका बीबीसीच्या ‘रोबोट वॉर्स’मध्ये पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी आहे. बीबीसीने 2018 मध्ये ती मालिका गुंडाळली, ही किरकोळ अडचण समजा. जुने भाग यूट्यूबवर बघून गॅलरीत ग्राइंडर फिरवणारी मंडळी पवईपासून ग्लासगोपर्यंत आहेत आणि त्यांना कोणीतरी चार गोष्टी सांगायला हव्यातच.

थोडा इतिहास, कारण मार्गदर्शिकेत तो असावा लागतो. मार्क थॉर्प नावाचे एक अमेरिकन गृहस्थ रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायला गेले. घर काही फारसं झाडून झालं नाही, पण 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या ‘रोबोट वॉर्स’ लढती झाल्या. 1998 मध्ये बीबीसी टूने त्यांची मालिका केली. पुढे 2016 मध्ये ग्लासगोत खास आखाडा बांधून ती नव्याने सुरू झाली. इतिहास संपला.

आखाड्यात तुमचे शत्रू दोन: समोरचा रोबो आणि खुद्द आखाडा. समोरच्याला वजनाची, हत्याराची मर्यादा आहे. आखाडा मात्र वाहिनीच्या मालकीचा, आणि रविवारी संध्याकाळी लोकांनी चॅनेल बदलू नये हीच वाहिनीची एकमेव इच्छा. हे एकदा डोक्यात बसलं की भीती निम्म्याने कमी होते. ज्याचा आवाज मोठा, ज्यातून ठिणग्या उडतात, ज्याला भारदस्त नाव आहे, ते बहुधा प्रेक्षकांसाठी असतं. तुम्हाला हरवायला एक भोक आणि एक भिंत पुरते.

आधी दिखाऊ मंडळींची ओळख करून घेऊ.

जमिनीतून आगीचे लोळ येतात. पोलादी अंगाचा रोबो त्यावरून सुसाट गेला तर फार तर रंग काळवंडतो. बाहेर लोंबणारी वायर मात्र ठेवू नका, ती आधी जळते. बाकी आगीशी मैत्री करायची असेल तर आयर्लंडच्या डिओटॉयर या रोबोचा कित्ता गिरवा. त्याच्या अंगावर लाल फर होती, तीवर काळे ठिपके. आणि आखाड्यात सार्जंट बॅश नावाचा हाउस रोबो, म्हणजे कार्यक्रमाचा स्वतःचा रोबो, होता, ज्याच्याकडे ज्वाळा फेकणारी नळी होती. पुढचं सांगायला नको. हे एकदा होऊन थांबलंही नाही. डिओटॉयरवाले पुन्हा नवी फर चढवून येत राहिले आणि बॅश इमानेइतबारे ती जाळत राहिला. त्याच्यापेक्षा पुढच्या फेऱ्यांत गेलेल्या कितीतरी रोबोंची नावं आज कोणाला आठवत नाहीत, डिओटॉयर आठवतो. तेव्हा करंडकापेक्षा कीर्ती प्यारी असेल तर शिंप्याकडे जा.

जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. येतात, जातात.

अमेरिकेच्या ‘बॅटलबॉट्स’मध्ये गेलात तर 48 फूट लांब, 48 फूट रुंद पेटी भेटेल. तिथे फरशीच्या फटींतून गोल करवती उसळतात, त्यांना ‘किल सॉ’ म्हणतात. कोपऱ्यात ‘पल्व्हरायझर’ नावाचे मोठे हातोडे, भिंतीलगत फिरणारे मळसूत्री दांडे. नावं ऐकून घाम फुटावा अशी. प्रत्यक्षात किल सॉ तुमच्या पोटाखाली आला तर रोबो जरा उडतो, ठिणग्यांचा फवारा निघतो, निवेदक ओरडतो आणि तुम्ही चालू लागता. हातोड्याखाली जाऊन मुद्दाम थांबलात तर गोष्ट वेगळी. पण तो दोष हातोड्याचा नव्हे.

खरं लक्ष ठेवायचं ते फरशीकडे. आजकालच्या रोबोचं तोंड पाचरीसारखं असतं, प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरायला जमिनीला जवळजवळ घासत जाणारं. पाचर आणि फरशी यांच्यात कागद सरकेल एवढीच फट. आता फरशी म्हणजे पोलादी पत्र्यांचे तुकडे शेजारी शेजारी ठोकलेले. आधीच्या लढतीत कुणाच्या फिरत्या दांड्याने एखाद्या सांध्याची कड नखभर वर उचलली असेल तर ती कॅमेऱ्यात दिसत नाही, कंट्रोल बूथमधूनही दिसत नाही. तुम्ही पूर्ण वेगाने धावता, पाचरीची धार त्या कडेला लागते, आणि शंभर किलोंचं धूड जागच्या जागी थबकतं. मागची चाकं हवेत. समोरचा हे बघत नुसता उभा राहणार नाही. म्हणून परवानगी मिळाली तर लढतीआधी फरशीवरून हात फिरवा. लोक हसतील. हसू द्या.

ड्रॉप झोन आणि फ्लोअर फ्लिपर यांची काळजी करू नका. जुन्या मालिकेत छतावरून वॉशिंग मशीन, टीव्ही, फ्रिज असल्या गोष्टी टाकत. फरशीचा एक चौकोन दाबाच्या जोरावर उसळून रोबोला हवेत भिरकावत असे. पण त्यांच्या तावडीत बहुतेक तेच सापडत जे आधीच हरलेले असत. तुमच्यावर वॉशिंग मशीन पडत असेल तर लढतीचा निकाल लागला, आता करमणूक चालू आहे असं समजा.

हाउस रोबो: यांना वजनाची मर्यादा नाही. नव्या मालिकेतला सर किलालॉट 741 किलोंचा होता, म्हणजे तुमच्यासारखे सहा आणि वर थोडे. त्याच्या एका हातात भाला, दुसऱ्यात हायड्रॉलिक पंजा. शंटकडे कुऱ्हाड, डेड मेटलकडे गोल करवत, मॅटिल्डाच्या शेपटाकडे फिरतं चाक. यांच्या हद्दी कोपऱ्यांत आखलेल्या असतात. तुम्ही तिथे शिरलात की त्यांना मुभा, बाहेर राहिलात तर ते गुमान उभे. बघायला गंमत वाटते, पण डाव याच रेषेभोवती चालतो. दुबळ्या हत्याराच्या रोबोने समोरच्याला नुसतं रेटत त्या कोपऱ्यात नेलं तरी उरलेलं काम शंट फुकट करून देतो. म्हणून तुमच्या रोबोला पकड चांगली हवी, चाकांना रबर चांगलं हवं. हत्यारावर निम्मा खर्च करून चाकं भंगारातली बसवणारे बहुतेक सगळे एकदा तरी या कोपऱ्यात दिसलेले आहेत.

हाउस रोबो अजिंक्य नाहीत. 2016 चा विजेता अपोलो त्यांनाही उलथं करत सुटला होता, आणि तेव्हा प्रेक्षक आपल्या लाडक्या संघाला विसरून उभे राहिले. हा प्रयोग पहिल्या लढतीत करू नका. पवईला टेकफेस्टच्या रोबोवॉरमध्ये उतरणाऱ्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, तिथे सर किलालॉट येत नाही.

आता भिंत. उलटं पडणं म्हणजे कुस्तीत पाठ टेकण्यासारखंच: वेळेत उठला नाहीत तर गेलात. नव्या मालिकेत दहा सेकंदांची मोजणी. उठण्यासाठी ‘सेल्फ-राइटर’ हवा, म्हणजे उलट्याचं सुलटं करणारी दांडी किंवा फ्लिपर. पण भिंतीपलीकडे फेकले गेलात तर दांडीचा उपयोग शून्य. ही कला खऱ्या अर्थाने गाजवली ती जॉर्ज फ्रान्सिस यांच्या केऑस 2 ने, तिसऱ्या आणि चौथ्या मालिकेच्या विजेत्याने. त्याच्या फ्लिपरमध्ये दाबलेला कार्बन डायऑक्साइड होता. समोरचा भिंतीशी आला की एक फटका आणि तो बुटक्या भिंतीवरून पलीकडच्या चरात. गेलेला रोबो धडधाकट असायचा, एक ओरखडा नाही, चाकं मजेत फिरतायत, पण आखाड्याच्या बाहेर. असा निर्दोष पराभव दुसऱ्या कुठल्या हत्याराने होत नाही. सूचना एवढीच: फ्लिपरवाल्याशी लढताना भिंतीला पाठ देऊ नका. भिंतीला तोंडही देऊ नका. मध्ये राहा.

मधोमध राहिलात की खड्डा.

(खड्ड्याचं नाव काढल्यावर मराठी वाचकाला कोणता महामार्ग आठवणार हे ठाऊक आहे. तो विनोद इथे नाही.)

खड्डा उघडण्यासाठी भिंतीवर एक टायर बसवलेला असतो. त्याला धडक दिली की फरशीचा एक चौकोन हळूहळू खाली जातो. 2017 मध्ये याच टायरमागे आणखी दोन खोड्या लपवल्या: कधी आखाड्यात दाट धूर, कधी एखादा हाउस रोबो मोकाट. नवशिक्या समजतो की खड्डा उघडणं म्हणजे समोरच्याला धमकी. खड्ड्याला पक्ष नसतो. तो दोघांसाठी उघडतो, आणि जास्त घाबरलेला त्यात आधी जातो.

टायर दाबायला जाताना तुम्हाला भिंतीकडे जावं लागतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत तुमचं बूड समोरच्याकडे असतं. फ्लिपरवाल्यांना याहून गोड दृश्य नाही. म्हणून नियम असा: तुमचं हत्यार धड असेल आणि तुम्ही पुढे असाल तर टायरच्या वाटेला जाऊ नका. हत्यार बंद पडलं असेल, पण चाकं जोरात असतील, तर आधी टायर, मग ढकलाढकली. परीक्षक नुकसान, आक्रमकता आणि ताबा बघतात. पण समोरचा खड्ड्यात गेल्यावर त्यांना काही बघावं लागत नाही, आणि एडिनबरा विद्यापीठाचे प्राध्यापक सेतू विजयकुमार यांच्यासारख्या जाणत्या परीक्षकाचा वेळही वाचतो.

दुसऱ्या मालिकेतली गोष्ट सांगतो, कारण खड्ड्याबद्दल याहून चांगला धडा नाही. लहान मुलांच्या टीव्हीवरची ‘ब्रम’ नावाची गाडी बनवणारे रेक्स गॅरड यांनी कॅशस नावाचा रोबो आणला. तोवर उलटा पडलेला रोबो म्हणजे संपलेला रोबो, सगळेच तसं धरून चालायचे. कॅशस उलटा पडला, आणि स्वतःच्या फ्लिपरने परत सरळ झाला. प्रेक्षकांना आधी कळेना, मग छप्पर उडेल असा ओरडा. खेळातला सगळ्यात मोठा प्रश्न त्याने सोडवून टाकला होता. आणि अंतिम सामन्यात पॅनिक अटॅक नावाच्या रोबोविरुद्ध कॅशस खड्ड्यात गेला. उलटं पडण्यावर उपाय होता, खाली पडण्यावर नव्हता. आजही नाही. एकाहून अधिक हाउस रोबोही त्याच खड्ड्यात विसावलेले आहेत, आणि क्रेनशिवाय बाहेर येण्याची अक्कल त्यांनाही अजून सुचलेली नाही.

एक बारकावा, जो पहिल्या मोसमात कोणी सांगत नाही. तुम्ही हुशारीने दोन्ही बाजूंनी चालणारा रोबो केलात, उलटा पडला तरी चाकं टेकतात. उत्तम. पण उलटा पडल्यावर ट्रान्समीटरची काडी पुढे ढकलली की तो मागे जातो. वळणं तशीच राहतात, पुढचं-मागचं फक्त बदलतं. घरी सतरंजीवर हे कळतं आणि हसू येतं. खड्ड्याच्या कडेला, उलट्या अवस्थेत, मागे फिरणारं पातं कानाशी आल्यावर मात्र बोट जुन्या सवयीने चालतं. तुम्ही जिवाच्या आकांताने काडी ओढता आणि रोबो आज्ञाधारकपणे खड्ड्यात उतरतो. यासाठी ट्रान्समीटरवर एक स्विच ठेवतात, दिशा उलटी करणारा. तो घरी शंभर वेळा दाबायचा सराव करा, आखाड्यात आठवेल याची खात्री नाही.

लढत संपली, ‘सीज’चा हुकूम झाला, की लगेच आत धावू नका. आधी दार, मग हत्याराचं लॉक, मग लिंक. लिंक म्हणजे रोबोच्या अंगावरचा तो छोटा जोड, जो ओढून काढला की विजेचा प्रवाह तुटतो. तो तळाशी, आत, चार स्क्रूंच्या मागे बसवलात तर तुम्ही फार हुशार आहात, पण आत जाणारा माणूस तुम्हाला तसं म्हणणार नाही. लिपो बॅटरीला भोक पडलं असेल तर धूर येतो, मग आग. तेव्हा घाई करू नका, वाळूची बादली जवळ ठेवा आणि भावनिक होऊ नका.

मग मुलाखत. सूत्रसंचालक विचारतील, काय झालं. इथे तीन सबबी चालतात. ‘रेडिओ गेला’ ही जुन्या काळची, जेव्हा प्रत्येकाला वेगळी फ्रीक्वेन्सी असायची आणि क्रिस्टल सांभाळून ठेवावं लागायचं, आता 2.4 गिगाहर्ट्झच्या काळात तिच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही. ‘लिंक निघाली’ ही सुरक्षित, कारण ती कधीकधी खरोखर निघते. ‘फरशीचा सांधा लागला’ ही सगळ्यात चांगली, पण त्यासाठी आधी फरशीवर हात फिरवलेला असावा लागतो, नाहीतर सांधा नक्की कुठला असं विचारलं तर पंचाईत. खड्ड्यात गेलात तर काही सांगू नका. त्याचं रीप्ले तीन बाजूंनी दाखवतात.