ग्रॅमकाका

सुपरमार्केटात बाकीचे लोक चालतात, ग्रॅमकाका उकिडवे बसतात. त्यांना शोधायचं तर मान खाली घालूनच. डोळ्यांसमोरच्या फळीवर दुकानदाराच्या फायद्याचा माल आणि घोट्याजवळ आपल्या, यावर त्यांची पांडुरंगाइतकीच श्रद्धा आहे. जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेल्यामुळे भागाकार तोंडी.

मी एकदा शांपूची मोठी बाटली ट्रॉलीत टाकली, तर जमिनीलगतून आवाज आला, ‘ठेव ती. रुपयाच्या पुड्या फोडून ओतल्यास तर हाच शांपू स्वस्त पडतो.’ घरी हिशेब केला. माणूस बरोबर होता! दुसऱ्या दिवशी पुड्यांची माळ आणायला गेलो, तर ती तिथे नव्हतीच. ती लटकते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. इथे पाच रुपयांचा बिस्किटपुडासुद्धा एकटा भेटत नाही, बाराच्या गठ्ठ्यात भेटतो. (वाण्याकडे तो एकटा भेटतो, पण दर खेपेला जरा रोडावलेला. किंमत मात्र खुंटीला बांधल्यासारखी.)

‘एकावर एक फुकट’ची पाटी दिसली की काका छापील किंमत आधी बघतात. ‘पहिल्यानेच दोघांचे पैसे भरलेत,’ म्हणतात आणि पुढे सरकतात.

चहा, बिस्किटं वगैरे ठरावीक वजनांतच विका, हे कायद्याचं बंधन आता गेलंय. त्याऐवजी पाकिटावर ग्रॅममागची किंमत छापावी लागते. ‘तुमची नोकरी गेली की हो काका,’ मी म्हटलं. काका दुखावले. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा, किलोवरच्या पिशवीवर दर किलोचा. दशांशचिन्ह सरकवायला माणूस नको? शिवाय छपाई मुंगीच्या पायाएवढी. त्यासाठी त्यांनी भिंग घेतलं. किती मिलिमीटरचं भिंग कितीला, तेही मला ऐकावं लागलं.

परवा काका चक्क उभे दिसले, चारशे रुपयांच्या तूरडाळीसमोर, हात मागे बांधून. मला धस्स झालं. ‘डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केलीय,’ ते पुटपुटले. ‘आता माझ्या नजरेला फक्त महागच दिसणार.’

मग माझ्याकडे, नेमकं सांगायचं तर माझ्या गुडघ्यांकडे, बघून म्हणाले, ‘बस जरा खाली. पुढच्या ओळीतलं पाकीट काढ. मागच्यावर नवी किंमत असते.’

मी बसलो. खांद्यावरून भिंग पुढे आलं.