राखणदाराची राखण

तुमसर तालुक्यातल्या चिखल्यात जमिनीच्या पोटात मँगनीजची खाण आणि आजूबाजूला सागवान, मोह, बांबूचं जंगल. खाणीतल्या माणसांच्या पाळ्या ठरलेल्या. जंगलातल्यांच्याही ठरलेल्याच, फक्त त्यांची हजेरी कुणी घेत नाही. दिवसा घार आणि मुंगूस, दिवेलागणीला रानमांजर, रात्रपाळीला बिबट. डबा कुणीच घरून आणत नाही. तो आपल्या अंगणात फिरत असतो.

त्यातल्या त्यात हुशार कोंबडी. आभाळात सावली हलली की गळ्यातून एक वेगळाच आवाज काढते, आणि पिलं जिथं असतील तिथून तिच्या पोटाखाली. घारीला चकवायला काही घरी पिलांना गुलाबी नाहीतर हिरवा रंग देतात. घार त्यानं कितपत फसते ते घारच जाणे, पण होळीतून पळून आल्यासारखी ती पिलं उकिरड्यावर फिरताना पाहून माणसाचा दिवस बरा जातो.

मुंगसाचं तसं नाही. खुराड्याला दार भक्कम करावं, कडी दुहेरी लावावी, तर हा गृहस्थ दाराकडे बघतसुद्धा नाही. खालून उकरून आत येतो. म्हणून जाळी वीत-दीड वीत जमिनीत पुरायची, वर फरशीचे तुकडे दाबायचे, आणि तिन्हीसांजेला कोंबड्या मोजल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

खरा घोर कुत्र्याचा. नाव वाघ्या, नाहीतर टायगर. आणि बिबट्याचा नुसता वास आला की टायगर खाटेखाली. शहाणाच म्हणायचा. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या जेवणाचा हिशेब मांडला होता. वजनानं पाहिलं तर 87 टक्के खाणं पाळीव जनावरांचं, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा 39 टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट, पण त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपास. कारण उघड आहे. शेळी दिवसा राखणाऱ्याच्या नजरेत आणि रात्री कडीकुलपात. कुत्रा मात्र राखणीला म्हणून बाहेर.

म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण घोरतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीच नाही. शेळी मारली गेली तर वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्रा गेला तर शेजारी येऊन "चांगला होता बिचारा" म्हणतात आणि चहा घेऊन जातात.

हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, कारण बिबट नरडंच धरतो. 2025 साली शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या माणसांनी तसेच पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून शेतं गाठली. तिथं हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काही जण कुत्र्याला रात्री अंगणात बांधून ठेवतात आणि निश्चिंत होतात. हे तर बिबट्याला पान वाढून वर हात धुवायला पाणी देणं झालं. सुटा असता तर निदान पळाला असता. त्याला आत घ्यायला हवं, चार भिंती आणि दार असलेल्या जागेत. उंबऱ्याच्या आत घेतलं तर स्वयंपाकघरापर्यंत चिखलाचे पाय उमटतात, आणि त्यावरून घरात जे होतं त्यापुढं बिबट परवडला. मग उरतो शेळ्यांचा गोठा. कुत्रा तयार आहे, घरधनी तयार आहे. शेळीचं शिंगं रोखून 'नाही' चाललंय, आणि गोठा कागदोपत्री नसला तरी तिचाच आहे.